समजावणारा राजा : प्रियदर्शी सम्राट अशोक



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. त्यात काहीतरी लिहून द्या, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. गिरणीत पाळी भरायची आणि उरल्या वेळात वाचनालयात बसून मिळेल ते वाचायचे, एवढेच आमचे शिक्षण. त्या वाचनात एक माणूस आम्हांला पुन्हा पुन्हा भेटला, त्याच्याबद्दल चार शब्द लिहितो.

तो माणूस रोज आपल्या खिशात असतो. नाण्यावरचे सिंह त्याचे, नोटेवरचे सिंह त्याचे. राष्ट्रध्वजावरचे चक्र त्याचे. पण सम्राट अशोक म्हटले की आपल्या पोरांना एकच गोष्ट सांगता येते. कलिंगचे युद्ध झाले, रक्ताचे पाट वाहिले, राजाला पश्चात्ताप झाला, त्याने धम्म स्वीकारला. गोष्ट संपली. आम्हांला वाटते, खरी गोष्ट तिथून सुरू होते. कारण त्यानंतर हा राजा जवळजवळ तीस वर्षे एका प्रश्नाशी झुंजत होता. आपले मन बदलले हे ठीक, पण दुसऱ्याचे मन बदलायचे कसे? हा प्रश्न आपल्या वस्तीचाही आहे, म्हणून अशोकाचे चरित्र या बाजूने सांगायचे ठरवले.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. त्याची माहिती दोन ठिकाणांहून मिळते. एक, त्याने स्वतः खडकांवर आणि खांबांवर कोरून ठेवलेले लेख. दुसरे, त्याच्या कितीतरी वर्षांनंतर लिहिलेले ग्रंथ, जसे सिंहलद्वीपातला महावंस आणि संस्कृतातले अशोकावदान. ग्रंथांत असे येते की तो आधी चंडाशोक होता, अत्यंत क्रूर होता, गादीसाठी त्याने नव्व्याण्णव भाऊ मारले. आता अशोकाचा स्वतःचा पाचवा शिलालेख पाहा. राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे काम सांगताना त्यात त्याच्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. सगळे भाऊ मारले असते तर ही घरे कुणाची? म्हणजे ही गोष्ट जशीच्या तशी खरी धरता येत नाही. ती ग्रंथकारांनी का लिहिली असावी, याचा आम्ही विचार केला. आधीचा माणूस जितका काळा दाखवावा तितका धम्माचा उजेड ऐकणाऱ्याला जास्त वाटतो. हाही लोकांच्या मनावर परिणाम करण्याचाच एक मार्ग झाला. पण अशोकाने स्वतः तो वापरला नाही. त्याने आपला दोष सांगितला तो मोजून मापून सांगितला.

इ.स.पूर्व २६९-६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, इ.स.पूर्व २६१ च्या सुमारास, त्याने आजच्या ओडिशातला कलिंग देश जिंकला. तेराव्या शिलालेखात त्याने आकडे दिले आहेत. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख ठार झाली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. विजय मिळवलेल्या राजाने स्वतःच्या विजयाचा असा जमाखर्च दगडावर मांडावा, ही सोपी गोष्ट नव्हे. पण आम्हांला त्याहून मोठे वाटते ते पुढचे. त्या लेखात तो मेलेल्यांवर थांबत नाही. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही पण ज्यांची जिवाभावाची माणसे संकटात सापडली, त्यांचेही दुःख तो मोजतो. म्हणजे घरी मागे राहिलेल्या आईच्या मनात काय चालले असेल, मित्राच्या मनात काय चालले असेल, इथपर्यंत हा राजा जाऊन पोहोचला. तलवार चालवणाऱ्याला समोरचे शरीर दिसते. मन दिसायला लागले की तलवार जड होते.

आता गंमत अशी की हा तेरावा लेख गिरनारला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, पार सरहद्दीवर शाहबाजगढीला आहे. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथल्या खडकांवर, तो नाही. तिथे त्याच्या जागी दोन वेगळे लेख कोरले आहेत. असे का केले, ते राजाने कुठे सांगितलेले नाही. पण विचार करणाऱ्याला समजते. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना मेलेल्यांचा आकडा कशाला वाचून दाखवायचा? त्यांना हवी होती ती हमी, की आता आमच्याशी कसे वागणार. त्या लेखात राजा सांगतो की सगळी माणसे त्याला मुलांसारखी आहेत आणि मुलांचे जसे भले व्हावे तसे सगळ्यांचे व्हावे. अधिकाऱ्यांना तो बजावतो की विनाकारण कुणाला बंदीत टाकू नका, छळू नका. माणूस न्यायाने का वागत नाही याची कारणेही तो देतो : मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, सवय नसणे, आळस, थकवा. कारकुनापासून मुकादमापर्यंत कुणालाही लावून पाहा, यादी आजही जुळते.

दुसरा लेख त्याहून विलक्षण आहे. सरहद्दीपलीकडच्या न जिंकलेल्या लोकांच्या मनात काय शंका असेल, हे राजा आधी स्वतःच बोलून दाखवतो. त्यांना वाटत असेल की या राजाच्या मनात आपल्याबद्दल काय आहे? मग तो अधिकाऱ्यांना सांगतो की त्यांची ही भीती घालवा, माझ्याकडून त्यांना सुखच मिळेल, दुःख नाही, असा विश्वास त्यांना द्या. समोरच्याच्या मनातली शंका आधी ओळखायची, मग तिला उत्तर द्यायचे. सभेत तासभर भाषण ठोकणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा धडा गिरवावा असा आहे.

आता त्याने हे सांगितले कसे ते पाहू. राजाची आज्ञा पंडितांच्या संस्कृतात नाही. ती लोकांच्या बोलीत, प्राकृतात आहे, आणि प्रांताप्रमाणे त्या प्राकृतातही फरक केला आहे. बहुतेक लेख ब्राह्मी लिपीत आहेत, पण वायव्येला खरोष्ठी चालत होती तर तिथे खरोष्ठी. अफगाणिस्तानात कंदाहारला १९५८ साली एक लेख सापडला, तो ग्रीक आणि अरामाईक अशा दोन भाषांत आहे. तिथल्या ग्रीक लोकांवर त्याने धम्म हा शब्द लादला नाही. त्यांच्या ओळखीचा, भक्तीभाव आणि सदाचार या अर्थाचा युसेबिया हा शब्द वापरला. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय? तर कलिंगातल्या लेखांत सांगितले आहे की तिष्य नक्षत्राच्या दिवशी हे लोकांना वाचून दाखवा, अधूनमधूनही वाचा, ऐकणारा एकटा असला तरी वाचा.

गिरणीत आम्ही पाहिले आहे. फळ्यावर इंग्रजीत नोटीस लागायची. ती कुणी वाचायचे नाही. मग चूक झाली की दंड. साच्यावर नवा पोरगा आला आणि जॉबर त्याच्यावर ओरडला की त्याचे हात अजून थरथरायचे, धागा अजून तुटायचा. शेजारच्या साच्यावरचा जुना कामगार यायचा, काही न बोलता दोनदा गाठ मारून दाखवायचा आणि निघून जायचा. पोरगा शिकायचा. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाला ही गोष्ट कळली होती, म्हणून त्याने सुरुवात स्वतःपासून केली. राजाच्या मुदपाकखान्यात रोज हजारो जनावरे मारली जायची. पहिल्या लेखात तो सांगतो की आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जाते, हरीणसुद्धा नेहमी नाही, आणि पुढे तेही बंद होईल. एकदम पूर्ण शाकाहारी झालो अशी बढाई त्याने मारली नाही. जे घडले तेवढेच सांगितले. आपण उपासक झाल्यावर वर्षभर फारसा प्रयत्न केला नाही, संघाजवळ गेल्यावर मग जोर धरला, हेही त्याने एका लेखात कबूल केले आहे. अशा माणसाचे बोलणे लोकांना खरे वाटते.

आता आपल्या दाराशी येऊ. चर्चगेटहून विरार गाडीत बसले की नालासोपारा लागते. हेच जुने शूर्पारक, सोपारा बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला, आणि त्याच साली तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ज्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला त्याच वर्षी हा दगड जमिनीतून वर आला. आम्ही योगायोगाला चमत्कार म्हणत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

हे दोन लेख काय सांगतात? आठव्यात आहे की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला जात, शिकार करीत. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली. श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटणे, दान देणे, म्हाताऱ्यांची विचारपूस, खेड्यातल्या लोकांना भेटून धम्माची चर्चा. म्हणजे यात्रा त्याने बंद केली नाही. माणसाला घराबाहेर पडायची हौस असते, ती त्याने ओळखली आणि तिला नवीन अर्थ दिला.

नववा लेख तर आपल्या चाळीसाठीच लिहिला असे वाटते. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगलकार्ये करतात. बायका तर फार क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात, असे राजा म्हणतो. (बायकांनाच का नाव ठेवले कोण जाणे. आमच्या पाहण्यात पुरुषही काही कमी नाहीत.) आता राजाच्या हातात दंड होता. हे सगळे बंद, असे एका ओळीत सांगता आले असते. तो तसे म्हणत नाही. तो म्हणतो की मंगलकार्य करावे, पण याचे फळ थोडे. मोठे फळ देणारे मंगल वेगळे आहे. ते कोणते? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांशी संयमाने वागणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे. यादीत पहिला नंबर दासाचा आणि नोकराचा आहे, हे कष्टकऱ्यांनी विसरू नये. आणि हे सांगायचे कुणी? बापाने सांगावे, मुलाने सांगावे, भावाने, मालकाने, मित्राने, अगदी शेजाऱ्यानेसुद्धा सांगावे. शिपायाने सांगावे असे त्यात नाही.

त्याच्या लेखांत परलोकाचे आणि स्वर्गाचेही बोलणे येते. बाबासाहेबांनी आपल्याला जे शिकवले त्यात ते बसत नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या काळच्या माणसाला ज्या भाषेत पटेल त्या भाषेत राजा बोलला, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

बाराव्या लेखात दुसऱ्या पंथांशी कसे बोलावे ते आहे. जीभ आवरणे हे त्याचे मूळ. कारण नसताना आपल्या पंथाची वाखाणणी आणि दुसऱ्याची निंदा करू नये, कारण असले तरी बेताने बोलावे. जो दुसऱ्याच्या पंथाला नावे ठेवतो तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. याचा अर्थ अन्यायावर बोलू नये असा नाही. पण शिवी देऊन आजवर कुणाची श्रद्धा सुटलेली आम्ही पाहिली नाही. उलट ती घट्ट होते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही चरित्राचे पुराण करू. अशोक शेवटी राजा होता. कलिंग त्याने परत दिला नाही. तेराव्या लेखातच रानातल्या लोकांना त्याने ऐकवले आहे की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याची ताकद त्याच्याजवळ आहे. फाशी त्याने रद्द केली नाही, फक्त मरणापूर्वी तीन दिवसांची सवलत दिली. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रे देऊन बाहेर काढण्याचा हुकूम सांची, सारनाथ आणि कौशांबीला कोरलेला आहे. म्हणजे समजावणे आणि दरारा या दोन्ही वाटांवर तो चालला. म्हणूनच त्याचा शेवटचा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण तो दोन्ही वाटा चालून पाहिलेल्या माणसाचा आहे.

हा निष्कर्ष सातव्या स्तंभलेखात आहे. तो लेख एकाच खांबावर आहे. हा खांब मूळ हरियाणातल्या टोपऱ्याचा. फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीला आणला, आणि आजही तो फिरोजशहा कोटल्यात उभा आहे. राज्याभिषेकाला सत्तावीस वर्षे झाली होती. अशोक हिशोब मांडतो. पूर्वीच्या राजांनाही वाटे की लोकांत धम्म वाढावा, पण तो वाढला नाही. मग कशाने वाढेल? त्यासाठी त्याने दोन उपाय केले. एक नियम, दुसरा समजावणी. आधल्याच वर्षी त्याने कोणकोणते प्राणी मारू नयेत याची लांबलचक यादी जाहीर केली होती. तरी तो लिहितो की नियमाने थोडेच होते, समजावणीने जास्त होते. हातात सगळी सत्ता असलेला माणूस आयुष्याच्या उतरणीला सांगतो की सत्तेने थोडे होते. यापेक्षा मोठी साक्ष कोणती हवी?

त्याच्या काळात पाटलिपुत्रला मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती झाली, असे महावंसात आहे. त्यानंतर भिक्खू देशोदेशी गेले. महिंद आणि संघमित्रा सिंहलद्वीपाला गेले. आपल्या महारट्ठात महाधम्मरक्खित आले आणि अपरांतात, म्हणजे सोपाऱ्याच्या बाजूला, योनक धम्मरक्खित आले. योनक म्हणजे ग्रीक. परदेशी वंशाचा भिक्खू आपल्या किनाऱ्यावर धम्म सांगत होता. ही माणसे फौज घेऊन आली नव्हती. पुढच्या काळात कार्ले, भाजे, कान्हेरी इथे लेणी कोरली गेली. त्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खुणी आहेत. हुकमाने असे दान निघत नाही.

इ.स.पूर्व २३२ च्या सुमारास अशोक गेला. पन्नास वर्षांच्या आत शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने मारले आणि मौर्यांचे राज्य संपले. हळूहळू ब्राह्मी लिपी वाचणारेही उरले नाहीत. खांब उभे होते, पण मुके. लोक त्याला भीमाची लाठी म्हणू लागले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती लिपी उलगडली. लेखांत नाव मात्र प्रियदर्शी असे होते. १९१५ साली कर्नाटकात मस्कीला अशोक हे नाव असलेला लेख सापडला तेव्हा खात्री पटली. राज्य गेले, लिपी गेली, तरी सांगणे उरले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने त्याचे चक्र ध्वजावर घेतले.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती. मधली एकवीस वर्षे बाबासाहेबांनी काय केले? समजावले. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत त्यांनी लोकांच्या मनातल्या शंका एकेक घेऊन त्यांची उत्तरे दिली. ग्रंथ लिहिले. त्यांच्या एका शब्दावर लाखो लोक उठले असते, पण लोकांचे पाय उचलण्याआधी त्यांची मने तयार व्हावीत म्हणून ते थांबले. अशोकाजवळ दंड होता, बाबासाहेबांजवळ तोही नव्हता. तरी लाखोंनी एका दिवसात जुने ओझे खाली ठेवले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वस्तीत आजही कुणाच्या घरी चोरून नवस होतो, कुणी पोराच्या आजारपणात अंगारा आणते. आपले तरुण चिडतात, तिच्या दारात जाऊन सुनावतात, बहिष्काराची भाषा करतात. ती बाई रडते, दार लावून घेते, आणि अंगारा पुढच्या वेळी अधिक लपवून आणते. मन तिथेच राहते, विहारात येणे मात्र बंद होते. पोराला ताप असताना तिच्या मनात काय चालले होते, हे कुणी विचारले का? तिला भीती होती. डॉक्टरच्या फीला पैसे नव्हते. रात्री सोबतीला कुणी नव्हते. अंगारा देणारा तेवढा दारात उभा राहिला.

त्या रात्री आपण तिच्या पोराला दवाखान्यात नेले, सकाळी चहा नेऊन दिला आणि आठ दिवसांनी शांतपणे विषय काढला, तर ती ऐकेल. एकदा नाही ऐकले तर दुसऱ्यांदा सांगू. ऐकणारी एकटी असली तरी सांगू. अशोकाने दगडावर कोरून ठेवले आहे की हे सांगण्याचा अधिकार शेजाऱ्यालासुद्धा आहे. आपण सगळे एकमेकांचे शेजारीच आहोत. विहाराच्या पुढच्या वर्षात हे काम प्रत्येकाने एका घरापुरते जरी केले तरी हा वर्धापनदिन सार्थकी लागेल, असे आम्हांला वाटते.

नमो बुद्धाय! जयभीम!